वॉर फिल्मच्या लोकल प्रमोशनसाठी स्पर्धा आणि क्विझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थिएटरवाले, छोटे डिस्ट्रिब्यूटर, फॅन क्लबवाले, कॉलेजची पोरं, सगळे साधारण तेच तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. पहिल्यांदाच करत असाल तर वरून वाचत या. आधीच अडकला असाल तर सरळ प्रश्न ११ पासून वाचा, खरी भानगड तिथे आहे.

१. स्पर्धा ठेवून खरंच तिकिटं विकली जातात का, की नुसता टाइमपास?

स्पर्धेमुळे हॉल भरत नाही, हे आधीच सांगतो. पण ज्याला सिनेमा येतोय हे माहीतच नव्हतं त्याला ते कळतं, आणि ज्याने क्विझ खेळली तो घरी जाऊन दोन जणांना सांगतो, एवढं काम ती नक्की करते. ही आयडिया काही नवीन नाही, मूकपटांच्या काळापासून स्टुडिओ थिएटरवाल्यांना प्रेसबुक पाठवायचे आणि त्यात पोस्टरच्या जोडीला रंगभरण स्पर्धा, निबंध स्पर्धा, लॉबी कशी सजवायची असलं सगळं तयार दिलेलं असायचं. वॉर फिल्मला एक फायदा असा की विषयात खरा इतिहास असतो, त्यामुळे हिरोची आवडती डिश कोणती असले प्रश्न काढायची वेळ येत नाही.

२. क्विझ, कॉन्टेस्ट आणि लकी ड्रॉ, नाव काहीही दिलं तर काय बिघडतं?

बिघडतं. जिंकणारा कशावरून ठरतो त्यावर सगळं असतं. उत्तरं बरोबर आली किंवा परीक्षकाला चित्र आवडलं म्हणून जिंकला तर ती कौशल्याची स्पर्धा. चिठ्ठी निघाली म्हणून जिंकला तर तो नशिबाचा खेळ, मग वर 'महाक्विझ' लिहिलं तरी तो लकी ड्रॉच. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा मिक्स असतं, म्हणजे पाच सोपे प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरवाल्यांतून चिठ्ठी काढायची, तर हे सुद्धा कायद्याच्या नजरेत बऱ्याच ठिकाणी नशिबातच धरलं जातं. त्याने काय फरक पडतो ते प्रश्न ११ मध्ये.

३. रिलीजच्या किती दिवस आधी सुरू करायचं?

दहा ते बारा दिवस. महिनाभर आधी सुरू केलं की लोक विसरतात आणि निकालाच्या दिवशी कोणालाच काही पडलेली नसते. निकाल रिलीजच्या दोन दिवस आधी लावा, म्हणजे जिंकलेला माणूस पहिल्या वीकेंडलाच येतो आणि सोबत तिकीट काढून आणखी कोणाला तरी आणतो. एकट्याने सिनेमाला जाणारे फार कमी.

४. किती प्रश्न ठेवू आणि किती अवघड?

पाच. फार तर सात. मी स्वतः सुरुवातीला पंचवीस प्रश्नांची क्विझ केली होती, रणगाड्यांचे मॉडेल नंबर वगैरे, तीन रात्री जागून, आणि पूर्ण भरलेले फॉर्म आले चार. त्यातले दोन माझ्याच मित्रांचे.

आता थोडं गणित. चार पर्याय असलेले पाच प्रश्न असतील तर डोळे झाकून टिक करणाऱ्याची सगळी उत्तरं बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये एक. दहा प्रश्न केले तर तीच १०,४८,५७६ मध्ये एक होते. म्हणजे नुसत्या तुक्क्याने कोणी जिंकू नये एवढ्यासाठी पाच पुरतात, दहाची गरज नाही. सोपा-अवघड असा विचार केला तर तीन प्रश्न असे हवेत की साधारण माहिती असलेल्याला येतील, एक असा की आठवून आठवून येईल, आणि एक असा की उत्तर वाचल्यावर माणूस "अरे, हे माहीतच नव्हतं" म्हणेल. तो शेवटचा प्रश्न लोक पुढे फॉरवर्ड करतात, म्हणून वेळ घालवायचा तर त्याच्यावर.

५. प्रश्न सिनेमातले विचारायचे की इतिहासातले?

रिलीजच्या आधी सिनेमातले विचारूच नका, कोणी बघितलाय तो? ट्रेलरमधला एखादा ठीक आहे. बाकी सिनेमा ज्या युद्धावर आहे त्याच्या आजूबाजूचे काढा, पण शेवट फुटणार नाही हे बघून. कथा खऱ्या लढाईवर असेल तर 'ही लढाई कोण जिंकलं' हा प्रश्न म्हणजे सरळ स्पॉयलर, इतिहास असला तरी अर्ध्या प्रेक्षकांना तो माहीत नसतो.

मला चाललेले प्रश्न देतो, लागले तर घ्या. दुसऱ्या महायुद्धावरचा सिनेमा असेल तर ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत ज्या पाच किनाऱ्यांवर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं त्यांची कोडनावं यूटा, ओमाहा, गोल्ड, जूनो आणि सोर्ड, त्यात एक खोटं नाव घुसवून 'यातलं कुठलं नाही' विचारा. स्टालिनग्राड आजच्या नकाशावर कोणत्या नावाने सापडेल? व्होल्गोग्राड, १९६१ पासून. पहिलं महायुद्ध असेल तर रणगाडा पहिल्यांदा लढाईत कधी आला, १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, आणि 'टँक' हे नाव मुळात गुपित राखायला दिलं होतं, म्हणजे ही पाण्याची टाकी आहे असं वाटावं म्हणून. हा प्रश्न कधीच फेल जात नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका: ब्रिटनमध्ये १९४३ पासून प्राण्यांना शौर्यासाठी डिकिन मेडल देतात, तर १९४९ पर्यंत जी ५४ मेडलं दिली त्यात सगळ्यात जास्त कोणाला मिळाली? सगळे कुत्रा म्हणतात. कुत्रे १८, घोडे ३, मांजर १ आणि कबुतरं चक्क ३२, निरोप पोचवायचं काम करणारी. हे वाचून लोक घरी सांगतात.

सिनेमाच्याच इतिहासातला हवा असेल तर १९२९ च्या पहिल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट ठरलेला सिनेमा कोणत्या विषयावर होता विचारा. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांवरचा मूकपट होता तो.

६. आम्ही 'दुसरं महायुद्ध कधी संपलं' एवढा साधा प्रश्न टाकला आणि कमेंटमध्ये मारामारी झाली, असं का?

कारण तो साधा नाहीये. युरोपात ८ मे १९४५ म्हणतात. रशियात ९ मे, कारण जर्मनीच्या शरणागतीवर सही रात्री उशिरा झाली तेव्हा मॉस्कोत तारीख बदललेली होती. जपानच्या शरणागतीची घोषणा १५ ऑगस्टला आणि कागदावर सह्या २ सप्टेंबरला. चारपैकी कुठलंही उत्तर देणारा आपापल्या जागी बरोबर. पहिल्या महायुद्धाचं तेच, ११ नोव्हेंबर १९१८ ला गोळीबार थांबला पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. कोरियाचं तर अजून मजेशीर, २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला, शांतता करार झालाच नाही, मग 'संपलं' म्हणायचं का?

त्यामुळे 'कधी संपलं', 'सगळ्यात मोठी', 'पहिला', 'किती' असे शब्द प्रश्नात आले की थांबा आणि नेमकं करा. 'जपानच्या शरणागतीच्या कागदावर सह्या कोणत्या तारखेला झाल्या' असं विचारलं की वाद संपला. आणि 'किती सैनिक मेले' हा प्रश्न कृपया कधीच नको. एक तर आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे, आणि दुसरं म्हणजे मेलेल्यांच्या आकड्यावर टिक करून टी-शर्ट जिंकायचा हे बरं दिसत नाही.

७. सगळे फोनवर शोधून नाहीतर एआयला विचारून उत्तरं टाकतात, काय करू?

काही करू नका. खरंच. शोधलं म्हणजे त्या विषयात पाच मिनिटं घालवली, आपल्याला तेच तर हवं होतं. मोठं बक्षीस असेल आणि खरा कस बघायचा असेल तर फायनल समोरासमोर घ्या, थिएटरच्या फॉयरमध्ये, तोंडी, दहा सेकंदात उत्तर. ऑनलाइन फॉर्मला टायमर लावायच्या फंदात पडू नका, ज्याचं नेट स्लो तो शिव्या घालतो.

८. दोनशे जणांची सगळी उत्तरं बरोबर आली, आता?

हे आधी ठरवायचं असतं, नंतर नाही. टायब्रेकर फॉर्ममध्येच हवा. 'सगळ्यात आधी फॉर्म भरला तो विजेता' हा सोपा वाटतो पण अन्यायाचा आहे, ड्युटीवर असलेला माणूस संध्याकाळीच फोन बघतो. त्यापेक्षा अंदाजाचा प्रश्न ठेवा आणि जवळच्या आकड्याला विजेता धरा. फ्रान्समधल्या डंकर्कहून १९४० मध्ये किती सैनिक सुटले यासारखा आकडा नको, ३,३८,२२६ हे कुठेही सापडतं. फॉयरमध्ये काचेच्या बरणीत युनिफॉर्मची बटणं भरून ठेवा आणि किती आहेत विचारा. हे नेटवर सापडत नाही, आणि बरणी बघायला माणूस थिएटरात येतो! बटणं दोन जणांनी मोजून, आकडा पाकिटात घालून, सही करून ठेवा. एकट्याने मोजलं की प्रश्न ९ सुरू होतो.

९. ड्रॉ काढला की 'सेटिंग आहे' म्हणतात, काय करायचं?

म्हणणारच. आमच्या एका ड्रॉमध्ये पहिलं नाव निघालं ते तिकीट खिडकीवरच्या पोराच्या भावाचं, अगदी खरोखर निघालं होतं, पण कोण ऐकतंय. तेव्हापासून नियम केला की थिएटर, डिस्ट्रिब्यूटर आणि आयोजक यांच्यापैकी कोणाचेही घरचे भाग घेणार नाहीत आणि हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं.

बाकी पद्धत अशी, की एन्ट्री बंद झाल्यावर सगळ्यांना नंबर द्यायचा, यादी गोठवायची, आणि चिठ्ठ्या लोकांसमोर किंवा लाइव्ह काढायच्या, शक्यतो आयोजकांशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाताने. दोन नावं राखीव काढून ठेवा, विजेता फोन उचलत नाही हे दर वेळी होतं. कॉम्प्युटरवर रँडम नंबर काढणार असाल तर स्क्रीन रेकॉर्ड करा आणि एकदाच काढा. 'थांबा, परत दाबतो' म्हणालात की संपलं.

१०. बक्षीस काय द्यावं?

दोन तिकिटं, एक नाही (का ते प्रश्न ३ मध्ये आलंच). एक मोठं बक्षीस देण्यापेक्षा वीस छोटी चांगली, वीस घरांत चर्चा होते. तिकीट कोणत्या शोला चालेल, कधीपर्यंत, बदलून पैसे मिळणार नाहीत, हे पासवरच छापा. सिनेमाचं पोस्टर कलाकाराच्या सहीचं मिळालं तर उत्तम.

एक भलतीच गोष्ट सांगतो जी लोकांना माहीत नसते. कॅमोफ्लाज टोप्या आणि टी-शर्ट वाटायची सगळ्यांना हौस, पण बार्बाडोस, जमैका अशा काही देशांत साध्या नागरिकाने कॅमोफ्लाज कपडे घालणं बेकायदा आहे. तुम्ही दिलेली टोपी घालून कोणी तिकडे फिरायला गेलं तर विमानतळावरच काढून घेतील. साधा खाकी किंवा ऑलिव्ह रंग घ्या, दिसायलाही बरा.

११. 'तिकीट काढलं तरच एन्ट्री' असं ठेवू का? परवानगी लागते का?

इथे सावकाश वाचा. पुष्कळ देशांत हिशोब असा असतो की बक्षीस, नशीब आणि भाग घ्यायला मोजलेले पैसे या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी, आणि खाजगी लॉटरी साधारण बेकायदा. तीनपैकी एक काढली की सुटलात. म्हणून 'खरेदी करायची गरज नाही' ही ओळ सगळीकडे दिसते. कॅनडात ड्रॉमध्ये निघालेल्या माणसालाही छोटं गणित सोडवायला लावतात ते याच कारणाने, नशिबात कौशल्य मिसळायला. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात एकूण बक्षिसं ५,००० डॉलरच्या वर गेली तर ड्रॉ आधी नोंदवावा लागतो. ऑस्ट्रेलियात काही राज्यांत परमिट. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्री वाढवायला घेतलेल्या स्पर्धा आणि लॉटऱ्या, आणि योजना संपल्यावर निकाल न सांगणं, हे दोन्ही अनुचित व्यापार प्रथांच्या यादीत आहे, त्यामुळे तिकीट विक्रीला जोडलेली स्कीम काढायच्या आधी वकिलाला विचारा.

माझं मत विचाराल तर एन्ट्री फुकट ठेवा, विषय संपला. तिकिटाची अट घालून जी चार तिकिटं जास्त विकली जातील त्यासाठी ही डोकेदुखी कोण घेईल?

१२. 'तीन मित्रांना टॅग करा, शेअर करा आणि जिंका' हे तर सगळेच करतात, मग?

सगळे करतात, आणि फेसबुकच्या नियमात ते चालत नाही. स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा किंवा मित्रांना टॅग करा ही एन्ट्रीची अट ठेवता येत नाही. लाइक करा, कमेंटमध्ये उत्तर द्या, हे चालतं. इन्स्टावर जो फोटोत नाहीच त्याला फोटोत टॅग करायला लावायचं नाही. दोन्हीकडे नियमावलीत लिहावं लागतं की या स्पर्धेशी त्या कंपनीचा काही संबंध नाही आणि तिच्यावर जबाबदारी नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, पण झालं तर रिलीजच्या आदल्या दिवशी पोस्ट उडते आणि सगळ्या एन्ट्र्या त्यातच असतात. म्हणून एन्ट्री फॉर्मवर घ्या, पोस्ट नुसती जाहिरातीला.

१३. शाळेत क्विझ ठेवली तर चालेल ना?

आधी सर्टिफिकेट बघा! सिनेमा फक्त प्रौढांसाठी पास झाला असेल तर नववीच्या पोराला त्याचं तिकीट बक्षीस देणार आणि दारावरून परत पाठवणार, हे मी बघितलंय, पोरगं रडवेलं झालं होतं. सर्टिफिकेट उशिरा येतं, म्हणून ते हातात येईपर्यंत शाळांशी बोलूच नका. सगळ्यांना चालणारा सिनेमा असला तरी चित्रकलेचा विषय 'शांततेचं पत्र' किंवा 'सीमेवरून आलेला निरोप' असा काहीतरी द्या, स्फोट काढायला सांगू नका. मुलांचे फोन नंबर, फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय घ्यायचे नाहीत. अमेरिकेत १३ वर्षांखालच्यांची माहिती ऑनलाइन घ्यायला पालकांची संमती कायद्यानेच लागते, बाकी ठिकाणी वय वेगळं असेल पण सवय तीच ठेवा.

१४. पोस्टर आणि गाणं वापरून आम्हीच रील बनवलं तर?

डिस्ट्रिब्यूटरकडून मेलवर लेखी 'हो' घ्या. पोस्टर साधारण देतात, गाण्याचे हक्क वेगळ्या कंपनीकडे असतात आणि कलाकाराचा चेहरा बक्षिसाच्या जाहिरातीत वापरायचा तर ते अजून तिसरंच. तोंडी 'करा हो' वर जाऊ नका.

१५. फॅन्सी ड्रेस, युनिफॉर्म, खेळण्यातली बंदूक घेऊन सेल्फी, हे ठेवू का?

बंदूक नको. लांबून खरी-खोटी कळत नाही आणि संध्याकाळी रस्त्यावर कोणीतरी पोलिसांना फोन करतो. सेल्फी पॉइंट थिएटरच्या आतच करा, वाळूच्या पोत्यांचा, जुन्या रेडिओचा, टेलिग्रामच्या टेबलाचा, फोटो उलट छान येतात.

युनिफॉर्मचं असं की चालू सैन्याचा गणवेश, रँकचे बिल्ले, मेडल याबद्दल बऱ्याच देशांत कायदे आहेत, तर ते टाळून जुन्या काळातले साधे कपडे म्हणा. नाझी चिन्हं जर्मनीत जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे आणि बाकीकडेही ती गंमत नाही. अजून एक, जे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो: नर्सच्या ड्रेसवर, बॅनरवर तो पांढऱ्यावर लाल क्रॉस काढतात. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी राखीव आहे, युद्धात दवाखाने आणि वैद्यकीय माणसं ओळखू यावीत म्हणून, सजावटीला नाही. स्टेथोस्कोप काढा, काम भागतं.

१६. 'घरातली युद्धाची जुनी वस्तू आणा' अशी स्पर्धा कशी वाटते?

कल्पना फार सुंदर, फक्त वस्तू आणायला सांगू नका, फोटो मागवा. लोकांच्या माळ्यावर काय असेल सांगता येत नाही. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये शेतं नांगरताना पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे आजही निघतात, शंभर वर्षं उलटून गेली तरी, आणि कोणीतरी ते शोपीस म्हणून घरात ठेवतोच. 'स्फोटकासारखं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा' ही ओळ मोठ्या अक्षरात टाका.

फोटो आणि सोबत दहा ओळींची आठवण, पत्र, डायरीचं पान, असं मागवलंत तर क्विझपेक्षा दसपट चांगलं काहीतरी हातात येतं. पण यात पहिला-दुसरा नंबर काढू नका. एकाच्या आजोबांची आठवण दुसऱ्याच्या आजोबांपेक्षा भारी, हे ठरवणारे आपण कोण? ज्यांनी पाठवलं त्या सगळ्यांना तिकिटं द्या, जमत असेल तर फॉयरमध्ये फोटो लावा, लावायच्या आधी घरच्यांना विचारून. आणि माजी सैनिकांना बोलावणार असाल तर स्पीकरवर गोळीबाराचे आवाज लावायचे नाहीत, काहींना त्याचा खरंच त्रास होतो.

१७. शत्रू देशाची खिल्ली उडवणारी मीम स्पर्धा ठेवली तर व्हायरल होईल ना?

होईल, आणि मग तुम्हाला ती बंद करता येणार नाही. पहिली दहा मीम गमतीची असतात, अकराव्यापासून धर्म, जात, रंग सुरू होतं आणि त्यावर तुमच्या थिएटरचं नाव असतं. मीमच करायची तर सैनिकी जीवनातली करा, पहाटेची परेड, न येणारं पत्र, सार्जंटचा आवाज. आणि आलेली एन्ट्री आपण बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी सोय ठेवा.

१८. निकाल लागल्यावर कळलं की आमचंच उत्तर चुकीचं होतं, आता काय?

लपवू नका, त्याच दिवशी सांगा. तो प्रश्न रद्द करून सगळ्यांना त्याचा मार्क द्या, परत यादी करा, नवीन जे पात्र ठरतील त्यांचा वेगळा ड्रॉ काढा. आधीच्या विजेत्याकडून बक्षीस परत मागायचं नाही, चूक त्याची नव्हती. म्हणून चार-सहा तिकिटं नेहमी शिल्लक ठेवावीत. हे होऊ नये यासाठी प्रत्येक उत्तर दोन वेगळ्या ठिकाणी तपासा, आणि दोन वेबसाइटवर शब्दन् शब्द तेच असेल तर ते एकच ठिकाण धरा.

१९. रिलीज पुढे ढकललं, किंवा तेवढ्यात खरंच सीमेवर काही झालं तर?

रिलीज ढकललं तर एन्ट्र्या तशाच ठेवा, नवीन तारीख कळवा, पासवर 'रिलीजच्या पहिल्या आठवड्यात वैध' असं छापलेलं असेल तर काही बदलायला लागत नाही. तारीख छापली असेल तर सगळे पास परत छापा.

दुसऱ्या परिस्थितीत, म्हणजे खरी माणसं जात असताना, स्पर्धा थांबवा. विनोदी कॅप्शनवाली शेड्यूल केलेली पोस्ट तशीच सुटते आणि मग जी शोभा होते ती विचारू नका, त्यामुळे अकाउंटचा पासवर्ड कोणाकडे आहे हे आधीच माहीत असू द्या.

२०. आलेले नंबर पुढच्या सिनेमाच्या जाहिरातीला वापरले तर?

फॉर्ममध्ये वेगळी टिक असेल आणि त्याने ती स्वतः केली असेल तरच. आधीच टिक लावून ठेवलेला चौकोन धरायचा नाही. बाकीचे नंबर बक्षिसं पोचली की डिलीट, आणि विजेत्यांची नावं जाहीर करताना पूर्ण फोन नंबर टाकायचा नाही, शेवटचे तीन आकडे बास.

२१. एवढं सगळं करून फक्त अकरा एन्ट्र्या आल्या. मुदत वाढवू का?

वाढवू नका, ज्या अकरा जणांनी वेळेत भरलं त्यांचा काय गुन्हा? अकराही जणांना तिकिटं देऊन टाका.